इन्सुलिनच्या शेजारी

टेंभरे काका पेपरातलं कात्रण घेऊन आले,
चार घड्यांचं, घामानं मऊ झालेलं.
"वाचा मॅडम. हृदयाले चांगलं आहे म्हणते.
सत्तर टक्केवालं द्या.
अन् बिल नका देऊ, सून खिसे पाहते."

नाव दुर्योधन. अजनीच्या लोकोशेडात
एकतीस वर्षं फिटर.
धंतोलीत एवढे डॉक्टर, पण शंका विचारायला
माझ्या काउंटरवर,
कारण इथं नंबर लावावा लागत नाही.

मी कात्रणाची शेवटची ओळ वाचून दाखवली,
अभ्यासाचा खर्च कोणी केला, ती.
म्हणाले, "कोणी तं करणारच ना बापा.
फुकटात कोण कोणाच्या नसा मोजते?"

खरं सांगू, मलाही पक्कं माहीत नाही.
कॉलेजात शिकले होते, कोकोत काहीतरी असतं,
त्यानं रक्तवाहिन्या सैलावतात जराशा.
जराशा म्हणजे
शर्टाचं वरचं बटण काढावं इतक्या.
मग कारखाना वरून साखर ओततो,
आणि बटण पुन्हा लागतं.

हे त्यांना सांगितलं.
त्यांनी नीट ऐकून घेतलं,
आणि कांदा या खिशातून त्या खिशात टाकला.
ऊन लागू नये म्हणून अर्धं नागपूर
उन्हाळाभर खिशात कांदा घेऊन फिरतं.
कांद्याला कधी कोणी पुरावा मागितला नाही.

अडचण निघाली दुसरीच.
मे महिना, पंचेचाळीस.
अजनीचा पूल ओलांडेपर्यंत
चॉकलेटचा लेप झाला होता, चांदीसकट.
घरच्या फ्रीजवर सुनेची नजर.
"तुमच्याकडंच राहू द्या," म्हणाले,
"रोज येतो, एक तुकडा खातो, जातो."

औषधांच्या फ्रीजात खायचं ठेवायचं नसतं.
मी ठेवलं.
इन्सुलिनच्या शेजारी, वर चिठ्ठी:
टेंभरे, सायंकाळी एक.

मग रोज साडेसहाला,
डोक्याला दुपट्टा, पायात सुनेनं नाकारलेले
नातवाचे बूट.
तुकडा जिभेवर ठेवायचे आणि तोंड असं करायचे
जसं कोणी रॉकेल पाजलंय.
"कडू आहे म्हणजे लागू पडणार."
मग स्टुलावर बसून
इंजिनाच्या ब्रेकची गोष्ट, निम्मी.
उरलेली उद्या.
जाताना दंडाला पट्टा बांधून घ्यायचे,
मी आकडा वहीत लिहायची.

जुलैत एकशे छप्पन्नचे एकशे अडतीस झाले.
काकांनी कात्रण काढून काउंटरवर थापटलं.
मी काही बोलले नाही.
मला पूल दिसत होता, जायचा एकदा, यायचा एकदा,
आणि उरलेली निम्मी गोष्ट.
पण समोर सत्तर टक्के विजयी चेहरा,
तिथं मी पुलाचं नाव कशाला काढू?

दिवाळीनंतर धाकट्यानं पुण्याला नेलं.

एकदा फोन आला.
"इथं फ्रीजचं कामच नाही हो, टेबलावर तसंच राहते.
दोन खातो. कधी तीन."
"चालायला कुठं जाता?"
"कुठं जाऊ? दुकान सोसायटीतच आहे,
ते बी घरपोच देते."
"प्रेशर?"
बराच वेळ पंख्याचा आवाज आला.
"मशीन खराब आहे यांची."

फ्रीजात चार तुकडे राहिलेत.
चिठ्ठीवरची शाई दमटपणानं पसरली,
टेंभरे वाचता येतं, सायंकाळी येत नाही.
दर महिन्याला इन्सुलिनचा साठा मोजते,
तेव्हा ते चार बाजूला सरकवते
आणि परत जागेवर ठेवते.

काल साडेसहाला दुकानात कोणी नव्हतं.
एक तुकडा मी खाल्ला.
कडू. शेवटी थोडंसं काहीतरी,
नाव सांगता येत नाही असं.
पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला, फुगा दाबला.

आकडा आला.
वहीत लिहिला नाही.